इनक्युबेटरचा विसावा

“मॅडम, सही तेवढी करा. ह्यूमन एरर आहे. क्लायंटही तेच म्हणतोय.”

जगताप साहेबांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. ते आमच्या लॅबचे क्वालिटी हेड. गिअर बनवणाऱ्या कंपनीत वीस वर्षं काढून आमच्याकडे आलेले. येताना व्हाय-व्हाय फॉर्म सोबत घेऊन आले. काही बिघडलं की ‘का?’ असं पाच वेळा विचारायचं आणि मूळ कारणापर्यंत जायचं, अशी ती पद्धत. या फॉर्मवर मात्र गाडी दुसऱ्याच ‘का’ला थांबली होती. तिथे लिहिलं होतं, नाझनीनने चुकून कंट्रोलमध्येही औषध टाकलं.

नाझनीन माझ्या हाताखाली नवीनच लागलेली. तिचा प्रोबेशन पिरिअड त्याच महिन्यात संपत होता. माझी सही झाली असती तर ती कन्फर्म होणार नव्हती. थेरगावात, डांगे चौकाजवळ तिच्या अब्बांचं गॅरेज आहे. घरातली ती पहिली एम.एस्सी. आणि खरं सांगते, मला तिचा रागच आला होता. इतकी नेटकी पोरगी आणि अशी चूक.

आमची लॅब निघोजे गावाला लागून आहे. आजूबाजूला सगळे पत्रा दाबणारे प्रेस शॉप आणि लोखंड घडवणारे फोर्जिंगवाले. आम्ही औषध कंपन्यांसाठी कॅन्सरच्या पेशींवर चाचण्या करतो. तेव्हाची चाचणी स्प्लायसिंगची होती. म्हणजे काय, ते सांगते. जीनवरून आधी एक लांबलचक कच्ची प्रत निघते. तिच्यात कामाचे आणि बिनकामाचे तुकडे एकाआड एक असतात. पेशी बिनकामाचे कापून टाकते आणि कामाचे जोडते. पण कोणता तुकडा ठेवायचा हे दर वेळी सारखं नसतं. एकाच कापडातून शिंपी फुल बाहीचा शर्ट शिवतो, नाहीतर हाफ बाहीचा, तसं एका जीनपासून दोन वेगळी प्रथिनं होऊ शकतात. कुठे कापायचं हे सांगायला पेशीत दुसरी काही प्रथिनं असतात. त्यांना आपण मुकादम म्हणू.

कॅन्सरच्या पेशीत या मुकादमांचं तंत्र बिघडतं. आमच्या जीनचं लांब रूप पेशीला जगवतं आणि आखूड रूप तिला मरायला लावतं. कॅन्सरची पेशी लबाड, ती लांब रूपच जास्त बनवते. क्लायंटचं औषध मुकादमांना वळवून आखूड रूप वाढवू बघत होतं. आमचं काम एवढंच, की औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींतून आरएनए, म्हणजे ती जोडलेली प्रत, काढायची आणि ती जेलवर, म्हणजे जेलीसारख्या पातळ वडीवर, चालवून पट्टे बघायचे. वरचा पट्टा लांब रूपाचा, खालचा आखूड रूपाचा. औषध न दिलेल्या पेशी म्हणजे कंट्रोल. तिथे फक्त वरचा पट्टा ठळक दिसायला हवा.

नाझनीनच्या जेलवर कंट्रोलमध्येही खालचा पट्टा ठळक आला होता.

क्लायंटची बाई फोनवर शांतपणे म्हणाली, “तुमच्याकडे कुणाचा तरी हात चुकलाय.” मी प्रयोग पुन्हा करायला लावला. दुसऱ्या वेळी कंट्रोल अगदी स्वच्छ. झालं, इथेच नाझनीन अडकली. पद्धत बरोबर, पेशी बरोबर, मग पहिल्या वेळी चूक तिचीच.

“मॅम, मी नाही टाकलं,” एवढंच ती म्हणायची. रडली नाही, वाद घातला नाही. त्यामुळे मला आणखीच अपराधी वाटायला लागलं.

“साहेब, तिसरा का कुठंय?” मी जगतापांना विचारलं.

“मॅडम, माणूस चुकतो. त्याला आणखी का काय विचारणार?”

“गिअरच्या कंपनीत असं चाललं असतं का हो?”

ते ओशाळून हसले. “एक दिवस घ्या,” म्हणाले.

मी इनक्युबेटरपासून सुरुवात केली. इनक्युबेटर म्हणजे पेशी वाढवायचं उबदार कपाट. आत कायम सदतीस अंश, आपल्या अंगाएवढं. शेजारी लॉगर नावाची डबी असते, ती दर दहा मिनिटांनी आतलं तापमान नोंदवते. त्या दिवसाचा आलेख काढला. सरळ रेघ, सदतीसवर. माझा चेहरा पडला. मग सुचलं म्हणून आलेखाऐवजी नुसते आकडे काढले. सकाळी नऊ चाळीसनंतरचा आकडा थेट बारा वाजताचा होता. मधले आकडेच नव्हते. सॉफ्टवेअरने दोन टोकं जोडून रेघ सरळ ओढून दिली होती, बावळट कुठलं.

“अगं, त्या दिवशी लाइट गेली होती का?” मी नाझनीनला विचारलं.

“मी एक वाजता आले मॅम, पेशी काढायला. सकाळी सुट्टी होती ना सगळ्यांना. खंडेनवमी होती.”

ती एकदम थांबली. मग हळूच म्हणाली, “मॅम, अब्बांच्या गॅरेजमध्ये त्या दिवशी कंप्रेसर बंद ठेवतात. पूजा होईपर्यंत कुणी बटणाला हात लावत नाही. कामगारच लावू देत नाहीत.”

आम्ही दोघी तशाच उठलो. मग इनक्युबेटरच्या मागे डोकावलो. दारावर हळदीकुंकू होतंच, ते सगळ्याच मशीनवर होतं. पण मागच्या स्विचवरही कुंकवाचं बोट उमटलेलं होतं.

मी शिवराममामांना बोलावलं. मामा निघोज्याचेच, आमचं मेंटेनन्स बघतात. त्याआधी छत्तीस वर्षं प्रेस शॉपमध्ये होते.

“मामा, खंडेनवमीला हे कपाट बंद केलं होतं का?”

“व्हय. मीच केलं,” मामा सहज म्हणाले. “त्या दिशी यंत्राला इसावा द्याचा आसतो. चालू यंत्राची पूजा कोन करतं, बाई? आमी प्रेसला धा वाजता बंद करायचो, परसाद वाटून झाला की चालू.”

“आणि ही डबी?”

“ती बी बंद केलती, मंग हारामागं गेली. ध्यानात आलं तवा लावली. कपाट आदी लावलं हुतं.”

म्हणजे डबी पुन्हा चालू होईपर्यंत कपाट गरम झालेलं होतं. चोख काम. मी चिडून विचारलं, “मामा, हे कपाट कधी बंद करायचं नसतं, कुणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?”

“न्हाई. तुमीच म्हनला हुता की, मामा, समद्या मशिनींची पूजा रीतसर करा, एकबी सोडू नगा.”

मी म्हणाले होते. आदल्या दिवशी पर्स खांद्याला अडकवून, घाईघाईत जाता जाता. घरी माझ्या मिक्सरची आणि शिलाई मशीनची पूजा करायची होती. माझ्या मनात रीतसर म्हणजे एक फूल आणि एक बोट कुंकू. मामांची रीत प्रेस शॉपची होती आणि ती त्यांनी मन लावून पाळली होती. त्यांच्यावर चिडायला मला काही जागाच उरली नाही.

पण दोन तासांच्या गारव्याने एवढं होतं का? होऊ शकतं. मुकादम प्रथिनांवर फॉस्फेटच्या बारीक खुणा लागतात. त्या खुणांवर ठरतं, मुकादम कामावर येणार की बाजूला बसणार. खुणा लावणारी एन्झाइम्स तापमानाला हळवी असतात. तीन-चार अंशांनीही त्यांचा वेग बदलतो. मी हे वाचलेलं होतं. कामाच्या वेळी आठवलं नाही, एवढंच.

वाचलेलं जगतापांना पुरलं नसतं आणि क्लायंटला तर नाहीच. नाझनीनने पेशींच्या नव्या ताटल्या घेतल्या, सगळ्या कंट्रोलच्या. औषधाची बाटली जगतापांनी स्वतः आपल्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवली. अर्ध्या ताटल्या सदतीसवर राहिल्या. उरलेल्यांचं इनक्युबेटर मी मामांनाच बंद करायला लावलं, तसंच, तेवढाच वेळ. त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

“आज कशाला बंद करायचं? आज काय सन हाय का?”

संध्याकाळी जेल झालं. उबेतल्या पेशींत फक्त वरचा पट्टा. गारव्यातल्या पेशींत खालचाही, चांगला ठळक. औषधाचा एक थेंब नसताना. नाझनीनने फोटो काढला, जगतापांच्या हातात दिला आणि तोंड धुवायला म्हणून बाहेर गेली. बऱ्याच वेळाने आली तेव्हा डोळे लाल होते. मी तिला म्हटलं, “माझं चुकलं गं. मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता.” ती म्हणाली, “तुम्ही सही नाही केली ना, मॅम.” मला फार बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली, कारण पेन मी उघडलेलं होतं.

क्लायंटच्या बाईंना फोन केला. सगळं ऐकून त्या खूश झाल्या. त्यांचं औषध बहुतेक त्याच एन्झाइम्सशी खेळत होतं आणि त्याचा धागा त्यांना आयता मिळाला. तापमानाची वेगळी चाचणी त्यांनी प्रोजेक्टमध्ये घातली आणि ती नाझनीननेच करावी असं सांगितलं. महिन्याअखेर नाझनीनचं कन्फर्मेशनचं पत्र निघालं. तिच्या अब्बांनी सगळ्या लॅबला पुरेल एवढा शीरखुर्मा पाठवला. ईद नव्हती, तरी पाठवला.

राहता राहिला फॉर्म. जगतापांनी तो नव्याने छापला. पाचव्या ‘का’पर्यंत पोहोचल्यावर त्यांचं पेन थांबलं.

“मॅडम, मूळ कारण ह्यूमन एररच लिहावं लागतंय हो.”

“लिहा की. मी कुठं नाही म्हणतेय?”

“पण नाव?”

“माझं. सूचना अर्धवट दिली, असं स्पष्ट लिहा.”

या वेळी मी सही केली. तेव्हापासून कुणी माझ्यापुढे ‘ह्यूमन एरर’ ठेवली की मी आधी विचारते, तो ह्यूमन कोण, आणि त्याला कुणी काय सांगितलं होतं.

पुढच्या खंडेनवमीला मी पर्स खाली ठेवून, उभं राहून सगळं नीट सांगितलं. मामांनी चालू इनक्युबेटरलाच कुंकू लावलं, पण हात आखडूनच. यंत्राला विसावा मिळाला नाही, हे त्यांना लागलंच होतं. नाझनीनच्या ते लक्षात आलं. तिने आपल्या पिपेट, म्हणजे थेंब मोजायच्या नळ्या, स्टँडवरून उतरवल्या आणि रुमालावर ओळीने मांडल्या.

“मामा, यांना द्या विसावा. आज मी यांना हात लावणार नाही.”

मामांनी एकेकीला हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि तिला म्हणाले, “आता कसं रीतसर झालं.”