उंदरांचा बंदोबस्त आणि भाच्याचा साखरपुडा

मोटारीतलं मला सगळं समजतं, ही गोष्ट आमच्या घरात फक्त मलाच ठाऊक आहे.

म्हणून तर भाचा प्रशांतच्या साखरपुड्याला नांदगावला जायचं ठरलं, तेव्हा मी ताईला बजावलं, "बाकीची मंडळी ट्रॅव्हलरने जाऊ देत. नवरदेव आणि अंगठी माझ्या गाडीत!" मुलीचे वडील एसटीतले निवृत्त मेकॅनिक, वेळेचे भलतेच पक्के. बाराला बुद्धवंदना, लगेच अंगठी. "उशीर करणारी माणसं आपल्याला चालत नाहीत," हे ते बोलणीच्या दिवशीच म्हणाले होते. (माझ्याकडे बघून. त्या दिवशी मी पाऊण तास उशिरा पोचलो होतो.)

गाडीची मला काळजी नव्हती. आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत उंदीर खालून बॉनेटमध्ये शिरून वायरी कुरतडतात. माझ्या गाडीच्या वायरी दोनदा खाल्ल्या. शेवटी मी स्वतः डोकं लढवून त्यांचा असा कायमचा बंदोबस्त केला, की पुन्हा एक शेपूट दिसलं नाही! कौतुक करायला घरात कोणी मोकळं नव्हतं. आमच्या दारातलं पायपुसणं चोरीला गेलं होतं आणि सुनंदाने, म्हणजे आमच्या हिने, संशय समोरच्या वहिनींवर घेतला होता. पंधरा दिवस दोन्ही घरांत बोलणं बंद. मी त्या भानगडीत पडलो नाही.

निफाडपर्यंत गाडी झकास गेली. विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांची ही भली मोठी रांग! आम्ही मुंगीच्या पावलांनी सरकू लागलो.

"अहो, तो काटा वर का चाललाय?" शेजारी बसलेल्या सुनंदाने विचारलं.

"काटा आहे तो. वर-खाली होणारच!"

"मामा, लाल दिवा पण लागलाय," मागून नवरदेव म्हणाला.

आता मात्र मला सगळं समजतं हे सिद्ध करायची वेळ आली होती. मी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि हाताला रुमाल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

"ओ दादा! हात काढा आधी!" ट्रॅक्टरवरून एका शेतकऱ्याने उडीच टाकली. "गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी उडंल. तोंड भाजून सोयऱ्यांकडं जायचं हाय का?"

मी झाकण सोडलं. "मी फक्त गरम आहे का ते बघत होतो," असं म्हणालोही.

शेतकऱ्याने रेडिएटरशेजारच्या पाण्याच्या बाटलीवरची खूण बघितली. पाणी पुरेसं होतं. पंखा बघितला. गरगर फिरत होता. "पाणी हाय, पंखा हाय, मंग तापती कशानं? काय कळंना बुवा!"

"थर्मोस्टॅट!" मी म्हणालो. (हा शब्द मला येतो.)

"आसंल. पण आता गार होऊ द्या वाईच, आन् निघताना हीटर लावा."

"हीटर? या वैशाखात?"

"फुल! इंजिनाची गरमी आत ओढून घेतो तो. आपण तापायचं, इंजिन गार ऱ्हातं. नायतर नवरदेवाला द्या आमच्या ट्रॅक्टरवर, कांद्यावर बसवून नेतो!"

प्रशांतने आपल्या करड्या सुटाकडे बघितलं, कांद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मामा, हीटर लावा."

अर्ध्या तासाने निघालो. पुढचा प्रवास मी जन्मात विसरणार नाही. बाहेर आग, आत भट्टी, चारही काचा खाली आणि हीटर फुल! सुनंदाची पांढरी रेशमी साडी अंगाला चिकटली. नवरदेव कोट काढून अंगठीच्या डबीने वारा घेऊ लागला. सिग्नलला शेजारच्या जीपमधले लोक आमचे लालबुंद चेहरे बघून काळजीत पडले. पण काटा? काटा मधोमध! मनमाड ओलांडलं तेव्हा मी चक्क गाणं म्हणत होतो.

बाराला सात मिनिटं असताना गाडी हॉलच्या दारात उभी केली. पोचलो! मला इतका आनंद झाला होता की डोळे भरून आले. (घामही होता.) मुलीचे वडील पुढे आले. "जय भीम! वेळेत आलात! पण एवढे भिजलात कशाने?"

मी तिखटमीठ लावून सगळं सांगितलं. शेतकऱ्याचा उल्लेख गडबडीत राहिला.

"हीटर लावलात? शाबास!" ते म्हणाले. "याला म्हणतात जाणकार माणूस." पन्नास पाहुण्यांसमोर, बरं का! तिथेच थांबायला हवं होतं. पण मी म्हणालो, "दोष थर्मोस्टॅटचा आहे, तुम्हीही बघा ना!"

मेकॅनिकच ते. बाह्या सारून खाली वाकले, बंपरच्या आत हात घातला, तार सोडवली आणि रेडिएटरच्या पुढ्यातून एक काळा रबरी चौकोन ओढून काढला. "हवा जायला जागाच नाही! इंजिन तापेल नाही तर काय! हे कोण्या गाढवाने बांधलंय?"

त्यांनी तो उलटा केला. वर लिहिलं होतं, 'सुस्वागतम्'.

"अहो!" सुनंदा किंचाळली. "हे तर आपलं पायपुसणं!"

"उंदीर येत होते..." मी म्हणालो.

पाहुण्यांत असा हशा पिकला की ट्रॅव्हलरमधली मंडळी धावत आली. मुलीच्या वडिलांनी हसत हसत ते हॉलच्या दारात अंथरलं, नवरदेव त्यावर पाय पुसून आत गेला आणि बाराच्या ठोक्याला वंदना सुरू झाली. अंगठी घालताना प्रशांतचा चेहरा असा तजेलदार दिसत होता की मुलीकडच्यांनी दोनदा विचारलं, काय लावतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी सुनंदाने मला पेढे देऊन समोरच्या वहिनींकडे माफी मागायला पाठवलं. त्यांनी मोठ्या मनाने माफ केलं. फक्त तेव्हापासून त्यांच्याकडे काहीही सापडेनासं झालं, झाडू असो, चप्पल असो, परवा तर कुकरची शिट्टी, की त्या आधी आमची बेल वाजवतात आणि अगदी गोड आवाजात म्हणतात, "भाऊजी, जरा बॉनेट उघडता का?"