सभा ऐकायला येणाऱ्या अनूमावशी

नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा चालू असताना अनूमावशी मागच्या बाकावर बसून वाल सोलत. मांडीवर मोड आलेल्या वालांचं पातेलं, पायाशी सालांची पिशवी आणि कान पुढे. आवाज म्हणून नाही. दुपारची वेळ, जुने पंखे, खिडकीतून नदीवरचा ओलसर वारा. सातव्या-आठव्या विषयापर्यंत निम्मं सभागृह पेंगुळलेलं असे. त्या सभा मला आता स्वप्नात पाहिल्यासारख्या आठवतात, आणि त्या स्वप्नात जागं माणूस एकच, मागे वाल सोलणारं.

मी सभा विभागातला लिपिक. गाव पेण म्हणा की रोहा म्हणा, नाव सांगणार नाही. नोकरी अजून शिल्लक आहे. मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा शिपायानं दारात अडवलं. "कोणाकडं काम आहे?"

"काम नाय. सभा ऐकायला आले. चालतं ना?"

शिपाई माझ्याकडे आला. मला तरी काय ठाऊक! इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मी कपाटातून कायद्याचं पुस्तक काढलं, धूळ झटकली. सभा लोकांना खुली असते, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. एखादा विषय दारं लावून घ्यायचा असं सभागृहानंच ठरवलं तर गोष्ट वेगळी, एरवी खुशाल येऊन बसावं. फक्त मध्ये बोलायचं नाही. गोंधळ केला तर अध्यक्ष बाहेर काढू शकतात. मी बाहेर येऊन हे सगळं सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. तुलाच नव्हतं."

मावशींचं माहेर खांब गावाच्या बाजूचं, भात आणि वाल पिकवणारं. नवरा लवकर गेला, तेव्हापासून नागोठण्याजवळच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये वाढप्याचं काम करून त्या निवृत्त झालेल्या. "शंभर माणसं एकदम ओरडायची. कोणाला काय पायजे ते त्यातनं ऐकू यायला शिकावं लागतं," असं सांगत. सभेची नोटीस फलकावर लागली की दुसऱ्या दिवशी चष्मा सावरत वाचायला हजर. "माझी महिन्याची शिफ्ट लागली," म्हणत. शेजारणींनाही ओढून आणत. "चल गो, घरात बसून नळाला शिव्या घालतेस, तिकडं आज नळाचाच विषय हाय." शेजारीण एकदा येई, भरपूर जांभया देई आणि पुन्हा फिरकत नसे.

एकदा मी थट्टेनं विचारलं, "मावशी, बोलता येत नाही तर येता कशाला?"

"अरे, कोणी बघत असलं का माणूस भात पण नीट वाढतो."

मागच्या सभेत काय ठरलं त्याची लेखी नोंद, म्हणजे इतिवृत्त, पुढच्या सभेत कायम करतात. आमच्याकडे ते 'वाचले असे समजून' कायम होई. मावशींनी नगराध्यक्षांना व्हरांड्यात गाठलं. "साहेब, न वाचता वाचलं कसं समजायचं?" ते हसले, पण पुढच्या सभेपासून त्यांनी मला सगळं मोठ्यानं वाचायला लावलं. तेव्हा मी मावशींना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

मग तो बालवाडीचा विषय आला. मावशींच्या आळीतल्या बालवाडीची खोली जंतुनाशक पावडर ठेवायला घ्यावी, असा प्रस्ताव होता. खोली गेली तर तीन-चार वर्षांच्या पोरांना मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या बालवाडीत जावं लागणार होतं, आणि त्या रस्त्यानं दिवसभर ट्रक धावतात. सभेत एका नगरसेविकेनं उपसूचना मांडली की बालवाडी आहे तिथंच राहावी, पावडर बाजारातल्या रिकाम्या गाळ्यात ठेवावी. तसंच मंजूर झालं. मावशी त्या दिवशी गुणगुणत घरी गेल्या.

आता माझा पराक्रम. ठरावाचा मसुदा आम्ही विषयपत्रिकेवरून आधीच टाईप करून ठेवतो; खाली 'सर्वानुमते मंजूर' जोडलं की काम संपतं. मी तेच जोडलं. उपसूचना माझ्या वहीतच राहिली. प्रती सगळ्या सदस्यांकडे गेल्या, कोणीही वाचल्या नाहीत.

पुढच्या सभेत मी संथपणे वाचत होतो. कोणी डोळे मिटलेले, कोणी मोबाईलमध्ये. "बालवाडीची खोली गोदामासाठी घेण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली." मागे पातेलं बाकावर ठेवल्याचा आवाज झाला. मान वर केली तर मावशी उभ्या. नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. शिपाई हातानं बसायची खूण करत होता.

मला चूक कळली. पुढचं वाक्य वाचून टाकलं असतं तर मावशींखेरीज कोणाला पत्ता लागला नसता. इतिवृत्त कायम झालं असतं आणि खोली गेली असती. मी कागद खाली ठेवला. "साहेब, नोंद चुकली आहे. चूक माझी आहे." सभागृह खडबडून जागं झालं. माझी भर सभेत यथेच्छ हजेरी घेतली गेली आणि ठराव दुरुस्त झाला.

सभेनंतर मी मावशींना विचारलं, "मी थांबलो नसतो तर काय केलं असतंत?"

"बोलले असते. मग तुम्ही मला भायेर काढलं असतं, परत कधी बसू दिलं नसतं. काढलं तर काढलं. पोरांनी तो रस्ता नाय ओलांडायचा."

बाहेर काढणं त्या दिवसापुरतंच असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जन्मभराची जागा सोडायला त्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या पाया पडावंसं वाटलं मला. पडलो नाही, व्हरांड्यात माणसं होती.

गेल्या वर्षी मावशी गेल्या. बालवाडी अजून तिथंच भरते. परवा काही कामानं मी त्या सभेचं इतिवृत्त काढलं. हजर सदस्यांची नावं त्यात आहेत. ऐकायला आलेल्यांची लिहीत नाहीत. बालवाडीबद्दल एवढंच आहे: 'वाचनाच्या वेळी आढळलेली चूक दुरुस्त करून मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्यात आले.' हे वाक्य मीच लिहिलं होतं. तीही नोंद अपुरीच आहे.