अँटेना धरून पाहिलेला भाग

आमच्या घरी टीव्ही आला तेव्हा रविवारी सकाळी अंतराळवीरांची एक मालिका लागायची. तिचा एक भाग मी पुढं आठ-दहा वर्षं लोकांना सांगितला.

सांगायची जागा ठरलेली. वडनेर भोलजीच्या आमच्या शेतात हिवाळ्यात भरिताची पार्टी होते. तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, गरम असतानाच सोलायची, ठेचायची. डोळ्यांत धूर जातो, बोटं पोळतात. पण जो गोष्ट सांगतो त्यानं वांग्याला हात लावायचा नाही, हा आमचा नियम. माझी बोटं इतकी वर्षं शाबूत राहिली ती या नियमामुळं.

गोष्ट अशी. एक अंतराळवीर लढाई जिंकून परततो. गावोगाव सत्कार होतात. मग डॉक्टर डोक्याला यंत्र लावून त्याच्या आठवणी तपासतात, तर लढाईच्या वेळी हा गडी यानात झोपलेला. खोटं तो बोलत नसतो, त्याला लढल्याचं खरंच आठवत असतं. शेवटी तो डोक्यावरचा निळा टोप काढतो आणि मुकाट्यानं रडतो. इथं मी आवाज बारीक करायचो.

एका वर्षी वहिनी समोरच वांगी सोलत होती.

"भाऊजी, त्याले रडताना तुम्ही पाह्यलं?"

"पाह्यलं म्हणजे? समोर बसून."

"तुम्ही तर घरावर होते, अँटेना धरून. मी अंगणातून सांगून राह्यली होती, डावीकडं फिरवा, आलं, गेलं."

काकांनी जाळ सारायचं थांबवलं. "मंग यानं पाह्यलं तरी काय?"

"आवाज ऐकला असन. खिडकी उघडी होती."

"अन् निळा टोप?"

"आपला टीव्ही काळापांढरा होता, काकाजी. त्यात नुसत्या मुंग्या. अन् शेवटाले तर लाइटच गेली. शेवट कोणीच नाही पाह्यला."

मी डोळे मिटून पाहिलं. टोप निळाच होता. डाव्या बाजूला ओरखडासुद्धा होता.

काकांनी वांग्यांची परात माझ्यापुढं सरकवली. "घे, सोल. अन् शेवट तोच राहू दे. चांगला हाय."

पहिल्याच वांग्यानं अंगठा पोळला. पण काकांना माझा शेवट आवडला, एवढ्यावर मी खूश होतो. म्हटलं, आता खरं तेच सांगू, म्हणजे परात तरी परत जाईल.

"हो, वरच होतो मी," मी म्हणालो. "पत्रा असा तापला होता, एकेक पाय उचलून उभा होतो."

वहिनीनं वांग्याचं देठ बाजूला टाकलं. "घरावर पत्रे तर लय मागून टाकले, भाऊजी. तवा वर मातीचं धाबं होतं."

काकांनी जाळातली आणखी चार वांगी माझ्या परातीत टाकली.