खुडायची राहिलेली फुलं

आमच्या पिंप्राळ्याच्या घराच्या पायरीजवळ मोगरा आहे. माझ्या बायकोनं लावलेला. सकाळी चहा ठेवायच्या आधी ती त्याची करपलेली फुलं खुडायची. कात्री नाही, अंगठ्याचं नख. खुट, खुट. मी खाटेवरून ऐकायचो. "वायेल फूल झाडनं रगत पे," म्हणायची. थंडीत पाणी तोडून, पानं ओरबाडून, शेंडे छाटून त्याला पार नागडा करायची. मग आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, झाड पांढरं.

दिवाळीनंतर ती गेली. आमच्याकडे आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. तिच्या घागरीला तिचाच मोगरा पाहिजे, दुसरं फूल मला चालणार नव्हतं.

थंडीत सून कात्री घेऊन आली. "आबा, छाटणीचे दिवस निघून चालले."

"हात लाऊ नको. तिनी जसं सोडं तसंच राही ते."

"मग आखाजीला फूल कुठून येईल?"

"येई. झाडले समजस, घागर कोनी शे."

तिसरीत शाळा सोडली मी, पण दीपनगरच्या वीजघरात कोळशाच्या पट्ट्यावर कोणा साहेबाचं ऐकून घेतलं नाही. सुनेचं काय घेतो!

होळीपर्यंत झाड नुसतं पानांनी माजलं. कळी एक नाही. बायकोची खुडायची राहिलेली फुलं आत तपकिरी होऊन लटकलेली. आणि सकाळी मला आवाज येऊ लागला. खुट, खुट. उठून बघावं तर पायरीवर कोणी नाही, फुलं जिथल्या तिथं. सुनेला सांगितलं नाही. आबांना भास होतात म्हणाली असती.

होळीला शिरपूरहून लेक आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खुट, खुट. बायकोशी रोज बोलायचो तसा मी पडल्या पडल्या बोललो, "चहा ठेव पहिले. झाड काय पयी जास?"

"ठेवस. इतलंच ऱ्हायनं."

उत्तर बाहेरून आलं. आवाज तिचाच. बोलणंही तिचंच. मी डोळे उघडले नाहीत. बराच वेळ नाही उघडले.

उठलो तर झाड नागडं. लेक पदरात पानं धरून उभी, नखं हिरवी. माझ्या तोंडात शिवी आली होती.

"आबा, ओरडायचं तर ओरडा," ती म्हणाली, "पण चहा गार होतोय."

मी चहा प्यालो.

आखाजीला घागरीच्या गळ्यात मोगरा होता. सून हळूच म्हणाली, "झाडाला समजलं वाटतं, आबा."

"सांगेल व्हतं ना मी," म्हटलं.

आखाजी करून लेक शिरपूरला गेली. सकाळचा आवाज गेला नाही. आता करपलेली फुलं मीच खुडतो, नखानं. आतल्या बाजूचं एक मात्र मुद्दाम ठेवतो. सकाळी कधी ते असतं, कधी नसतं. सून म्हणते, वाऱ्यानं पडत असेल.

म्हणो. नखानं खुडलेला देठ मी पाहिलेला आहे.