बारा काड्यापेट्या

१८ एप्रिल १९६१, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत शेवटच्या काड्यापेटीतला विष्ठेचा नमुना मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि माझा आनंद तिथेच संपला.

तीन महिन्यांपूर्वी खाडीपलीकडच्या ख्रिस्ती वाडीत बारा जणांना पट्टकृमीवरचे गावठी औषध देण्यात आले होते. डुकराचे मांस नीट शिजले नाही की हा जंत पोटात शिरतो. त्याचे डोके आत राहिले, तर तीन महिन्यांत तो पुन्हा पहिल्याइतका वाढतो. औषध म्हणजे शेंदरीच्या फळांवरची तांबडी भुकटी, दह्यातून, उपाशीपोटी. ती देणारी म्हातारी शिंपलीने मापत असे. मी ती भुकटी तराजूत तोलली: साडेसहा ग्रॅम. दर वेळी तेवढीच भरली, याचे नवल मला वाटले, तिला नाही.

“बारापैकी निदान नऊ बरे झाले, तर संशोधनाची जागा तुमची,” असे मुंबईहून माझ्या प्राध्यापकांनी लिहिले होते. नमुने वेळेवर यावेत म्हणून ते पत्र मी वाडीत वाचून दाखवले. त्या साऱ्या अभ्यासात याहून मोठी चूक मी केली नाही.

आता बाराही नमुन्यांत पट्टकृमीचा मागमूस नव्हता. पण त्यांपैकी नऊंमध्ये दुसऱ्याच एका जंताची, अंकुशकृमीची, अंडी सारख्याच दाटीची होती आणि नाचणीचा कोंडाही तोच. जानेवारीत या नऊपैकी चौघांच्या पोटात अंकुशकृमी मुळीच नव्हते. नऊ माणसांच्या आतड्यांचे इतके एकमत होत नाही.

मी होडीने पलीकडे गेले. अंगणात सुंगटे, म्हणजे कोळंबी, वाळत घालणाऱ्या बायकांना सरळ विचारले. मग त्यांतली एक जाडजूड बाई, माझ्या बारांपैकीच, हसत सुटली.

“माजा पॉट निवाळ आसा गो बाये. वायच वायच सगळ्यांका वाटलंय!” तिने आपलीच विष्ठा थोडी थोडी बाकीच्या आठ जणांच्या पेट्यांत भरली होती.

“नाताळाच्यो नेवऱ्यो वाटता तशी!” दुसरीने पुस्ती जोडली.

“हसू नका. का केलंत हे?”

उत्तर औषधवाल्या म्हातारीने दिले. “तुजी मुंबयची जागा आमच्या पोटांपायी जाव नये म्हणान. एवढा तरी करू नये काय गो, चेडवा?”

ते आकडे धाडले असते, तर माझ्या सहीच्या भरवशावर हे औषध आणखी कितीतरी वाड्यांत गेले असते आणि माणसे जंत पोसत राहिली असती. जागा मात्र मला मिळाली असती. यांतला दुसरा विचार मला आधी सुचला, हे इथे नोंदवणे भाग आहे.

पुढच्या तीन पहाटे मी त्या आठ घरांच्या दारांत रिकाम्या पेट्या घेऊन उभी राहिले. आता थट्टा कोणी केली नाही. म्हातारी एवढेच म्हणाली, “आमी केलेला बरा तुका सोसाक नाय.” त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

आठपैकी सात नमुन्यांत जंताचे खंड सापडले. एक निर्मळ निघाला. तो, ती हसरी बाई आणि ज्यांच्या पेट्या पहिल्यापासून खऱ्या होत्या ते तिघे, एवढेच बरे झाले होते. अहवाल मी तिसऱ्या दिवशी दुपारी टपालात टाकला. त्यातला शेवटचा आकडा: बारापैकी पाच.