भावाची गाडी आणि अण्णांची पाचपट

सातपूरला आमचं छोटं वर्कशॉप आहे. मशीनं धाकटा भाऊ बघतो. हिशेब आणि भांडणं माझ्याकडे. शेडसाठी अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, रिटायरमेंटचे पैसे दिले ते एका अटीवर: सगळ्यात कमी पगार ज्याचा, त्याच्या पाचपटीहून जास्त मालकानं घरी न्यायचं नाही.

"हाताची पाची बोटं सारखी नसतात, अण्णा," भाऊ म्हणाला होता.

"नसतात ना. पण एखादं कोपराएवढं वाढलं तर घास तोंडात जाईल का?"

जन्मभर कंपनीत शिफ्ट केलेल्या माणसाशी कोण वाद घालणार. शिवाय तेव्हा पाचपट न्यायला गल्ल्यात होतं काय?

पुढे ऑर्डरी वाढल्या आणि शेजारच्या शेडवाल्याची मोठी पांढरी गाडी भावाच्या डोक्यात शिरली. रोज तेच पालुपद. "ताई, कमावतो आपण. आपण किती न्यायचं, कुणाच्या बापाचं काय जातं?"

"आपल्याच बापाचं," मी म्हटलं. "आणि एकटा कमावतोस होय? उद्या सगळ्यांना सुट्टी देते, चालव मशीनं."

रुसला. जेवणाचा डबासुद्धा वेगळा बसून खायचा. मग एका सकाळी हसतच आला. "ताई, झाडलोटीच्या मावशींचा पगार वाढवू."

सगळ्यात कमी पगार त्यांचाच. तो वाढला की आमची पाचपटही वाढणार. लबाड कुठला. मला इतकं हसू आलं की चहा सांडला.

पण मावशींचा पगार वाढताच हेल्पर तळाला आले, मग त्यांचाही वाढवणं आलं. त्यासाठी नव्या ऑर्डरी हव्यात, म्हणून हा पठ्ठ्या दारोदार फिरला. पगारवाढ म्हटलं की ज्याच्या पोटात दुखायचं, तोच आता ती मागायला माझ्यामागे. बातमी शेडभर पसरली. जो तो विचारायचा, "साहेब, गाडी कधी?" स्वतःच्या गाडीसाठी कुणी झटलं नसतं, इतके सगळे साहेबांच्या गाडीसाठी झटले.

यंदा दसऱ्याला मशीनांच्या पूजेसोबत गाडीचीही पूजा झाली. चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि नारळ भावानं आपण होऊन मावशींच्या हातात दिला. मला फार बरं वाटलं. अण्णा खुर्चीत बसून पेढा खात होते.

मावशींनी नारळ फोडला, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "साहेब, आता बंगल्याचं बघा. नातीला कॉलेजात घालायचीय."