डावोबाचा उजवा

मला डावं-उजवं कळत नाही. म्हणजे कळतं, पण एक श्वास उशिरा. मी डावखुरी. लहानपणी पानावर बसल्यावर डाव्या हातावर इतक्या चापट्या खाल्ल्या की शेवटी उजव्या हाताने जेवायला शिकले. तेव्हापासून कुणी "उजवीकडे वळ" म्हणालं की मी मनातल्या मनात आधी एक घास खाऊन बघते. ज्या हाताने जेवतो तो उजवा. तोपर्यंत वळण मागे गेलेलं असतं.

अशा बाईने पुरातत्त्वाच्या सर्वेक्षणात फील्ड टेक्निशियन व्हावं, यात देवाचा हात असणार. कुठला ते विचारू नका. पद ऐकायला भारी, काम साधं. संगमेश्वरच्या वरच्या अंगाला सह्याद्रीचं जंगल चढायचं, कोयतीने झाडी तोडायची, कामाचा दगड दिसला की त्याला टेप लावायचा, ब्रशने माती झाडायची आणि जे दिसेल ते नोंदीच्या कागदावर उतरवायचं. खाजकुयलीने अंग सोलून निघायचं. तरी सकाळी चढणीला लागले की मला हसूच यायचं. खापराचा तुकडा सापडला तरी मी टाळ्या वाजवायची. झाडी तोडायला वाडीतल्या एक काकी यायच्या. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ह्या बायला कायतरी लागलाय. उतरवून घ्या आधी."

आमचे सर पुण्याचे, माणूस चांगला पण काटेकोर. त्यांचा नियम एकच: मूर्तीचं डावं-उजवं म्हणजे मूर्तीचं स्वतःचं, बघणाऱ्याचं नव्हे. झालं! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. स्वतःच्या हातांचा पत्ता नाही, तिथे समोरच्या दगडाच्या हातांचा हिशेब ठेवायचा. मी तीन कागद उलटे भरले. तिसऱ्यात तर डाव्या सोंडेच्या गणपतीला उजव्या सोंडेचा करून टाकलं. सरांनी तो कागद सगळ्यांसमोर वाचला आणि शांतपणे म्हणाले, "आणखी एक चूक, की तुम्ही खालच्या खोलीवर खापरं धुवायला. वर यायचं नाही." ओरडले असते तर मीही ओरडले असते. शांतपणे म्हणाले म्हणून घाबरले. जंगल सुटणार या विचाराने मला त्या दिवशी भाकरी गेली नाही.

त्यानंतर शिमगा आटोपला आणि आम्ही डावोबाच्या राईत शिरलो. डावोबा म्हणजे झाडांखाली बसवलेला एक गोल गोटा, वर शेंदूर. त्याच्या शेजारी पुरुषभर उंचीची एक शिळा पालथी पडलेली. शिळेच्या कडेला मातीत बोट घातलं तर नक्षी लागली, आणि मी तिथेच उडी मारली. आपण काहीतरी शोधलंय ही भावना काय असते म्हणून सांगू!

"डावोबा का म्हणतात?" सरांनी विचारलं.

राईतली पूजा सांभाळणारे गुरवकाका म्हणाले, "आमचा आजा पन डावोबाच म्हनायचा."

"वाटेच्या डाव्या हाताला आहे, म्हणून असेल," सर म्हणाले आणि वहीत तसं लिहिलं. मला मात्र चढताना राई उजव्या हाताला लागली होती. पण माझं काय खरं?

शिळा उलटायची तर देवाचा कौल हवा. गुरवकाकांनी पाण्यात बुडवलेली दोन फुलं गोट्याच्या दोन अंगांना चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, ही पोरं तुज्या दारात इलीत, राजीखुशीन परवानगी दी." आम्ही सगळे, सरसुद्धा, "व्हय म्हाराजा!" म्हणून ओरडलो. मी फुलांवरची नजर हलवली नाही. आणि घळकन फूल पडलं. मी पटकन मनात घास घेतला. डावं!

"का पण?" मी थेट देवालाच विचारलं. "एवढं तंगड्या तोडत आलो, आता नाही म्हणतोस?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"बाय गो," गुरवकाका म्हणाले, "देवाचा उजवा तो उजवा. तुजा नाय. होकार दिलान त्यान."

म्हणजे सरांचा नियम देवालाही लागू होता! गोल गोट्याला तोंड कुठे ते मला अजून समजलेलं नाही, पण मी त्या दिवशी त्याच्यापुढे लोटांगण घालायची बाकी होते. प्रसादाचं खोबरं घ्यायला आनंदात हात पुढे केला तर गुरवकाकांनी स्वतःचा हात मागे घेतला. "उजवा कर." तिथेही चापटीच.

पहारी लावून, दोर ओढून चौघांनी शिळा उलटी केली. सगळी चिखलाने माखलेली. धुवायचं आणि नोंद करायची, हे काम माझ्याकडे देऊन सर पलीकडची पाण्याची टाकी बघायला गेले. मी पाणी ओतत, ब्रश फिरवत बसले, आणि चिखलातून एकेक माणूस वर येऊ लागला. वीरगळ! लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. खाली तो लढतोय, मध्ये अप्सरा त्याला उचलून नेताहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. मी तलवारीजवळ थांबले. मनात एक घास खाल्ला. मग दगडाकडे पाठ करून उभी राहिले, हात वर केला, पुन्हा वळले. असं पाच वेळा केलं. काकींना वाटलं, लागलेलं पुन्हा उफाळलं. शेवटी छातीवर दगड ठेवून लिहिलं: तलवार डाव्या हातात, ढाल उजव्या.

तासाभराने सर आले. त्यांनी आधी कागद घेतला, मग चष्मा वर केला. "उलटं. पुन्हा उलटं! वीराची तलवार उजव्या हातातच असते. उद्यापासून खापरं."

माझं डोकं फिरलं. "सर, कागद काय वाचताय? दगड बघा!"

एवढ्या मोठ्याने मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. सर शिळेसमोर उभे राहिले. मग, देवाशप्पथ सांगते, आमच्या त्या गंभीर सरांनी शिळेकडे पाठ केली, हात वर केला आणि मान वळवून मागे बघितलं. दोनदा.

"डावाच आहे," ते हळू म्हणाले. मग सावरून, "कोरणाऱ्याची चूक असेल."

"चूक कशी?" गुरवकाका गोट्याशेजारून उठले. "आमच्या देवाचा नाव काय?"

डावोबा! वाटेचा त्यात काही संबंधच नव्हता. एक डावखुरा माणूस इथे लढून मेला होता. त्याचा दगड पालथा पडला, लोक शेजारच्या गोट्याला पुजू लागले, त्याची गोष्ट सगळे विसरले. पण त्याचा हात विसरले नाहीत. मी हसायला लागले ते थांबेचना. काकी हसल्या, आणि सरही हसले. त्यांनी वहीतली ती वाटेची ओळ खोडली आणि माझा कागद, एक अक्षर न बदलता, फाइलला लावला. खापरांचं नाव पुन्हा निघालं नाही.

गुरवकाकांनी नवा नारळ फोडला. खोबरं घ्यायला मी शहाण्यासारखा उजवा हात पुढे केला. त्यांनी पुन्हा हात मागे घेतला.

"तो नको," ते म्हणाले. "आज हितं डाव्याचा मान."